हात थांबले की पास

ऑफिसात जेवताना कुणी म्हणालं की अमकी मालिका अगदी बंडल आहे, की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कुठला भाग?" समोरचा माणूस माझ्याकडे बघतच राहतो. बंडल आहे म्हणजे सगळीच बंडल आहे, त्यात भाग कुठला काय विचारायचा? आता त्याला राऊतकाकू कुठपासून सांगणार? मी आपली डबा पुढे सरकवते आणि म्हणते, चटणी घे.

राऊतकाकू जयपूरला, सोडाल्यात राहतात. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिले. माझे वडील गवंडी. औशाजवळच्या आमच्या गावात त्यांनी बांधलेल्या भिंती अजून सरळ उभ्या आहेत, आणि त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेली मी पहिली. याचा मला अभिमान आहे आणि तो मी झाकून ठेवत नाही. लातूरला बी.एस्सी. केलं, नोकरी लागली आणि कंपनीने उचलून थेट जयपूरच्या झालानातल्या ऑफिसात टाकलं. आयुष्यात सोलापूरच्या पलीकडे गेले नव्हते. मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी राऊतांचा नंबर दिला आणि मी बॅग घेऊन दारात उभी राहिले.

काकूंनी माझी मुलाखत घेतली. अंगण ओलांडून आत येईपर्यंत खाणं-पिणं, येण्याजाण्याची वेळ, घरी कोण कोण, सगळं विचारून झालं. शेवटी त्या म्हणाल्या, "मालिका बघते का?"

मी ताठ मानेने सांगितलं, "नाही. मी शिकलेली आहे."

"मी पण," काकू म्हणाल्या. "एम.ए. बी.एड. बस."

मी बसले. माझ्यासमोर मटारच्या शेंगांचं ताट आलं. खोली मिळाली की नाही ते कुणी सांगितलंच नाही. शेंगा सोलून झाल्यावर काकांनी किल्ली दिली.

काकू मूळच्या अमरावतीच्या. काकांची बँकेत बदली झाली म्हणून जयपूरला आल्या आणि मग तिथल्याच एका शाळेत हिंदी शिकवत निवृत्त झाल्या. आख्खी गल्ली त्यांना मैडमजी म्हणते. भाजीचा ठेलेवाला भैयासुद्धा वजन करताना आवाज खाली घेतो. बोलण्यात मात्र इतक्या वर्षांनीही अमरावती शाबूत. "काऊन रे भैया, ये पालक कल का है ना?" असं त्या विचारत, आणि त्या भैयाला एव्हाना 'काऊन' म्हणजे 'क्यों' हे कळायला लागलं होतं.

संध्याकाळी साडेसातला काकू दिवाणावर मांडी घालून बसायच्या. मांडीवर स्टीलचं ताट. थंडीत जवळच्या चौमू गावाकडून येणारे मटार, उन्हाळ्यात गवार, आणि काहीच नसेल तेव्हा लसूण. समोर टीव्ही. सुरुवातीला मला वाटलं, बाई वेळ वाचवतात. एका बैठकीत दोन कामं. तसं नव्हतं. ती त्यांची तपासणीची पद्धत होती.

"मालिका लिहिणाऱ्याला वाटते, बाई डोळे लावून बसली आहे," त्यांनी मला एकदा सांगितलं. "बाई कुठली बसते बापा? तिच्या हाताला काम असतेच. तं ज्या भागानं ते काम थांबवलं, तो पास. नाही थांबवलं, नापास."

हात मुद्दाम थांबवायचे नाहीत, हा पहिला नियम. थांबले तर थांबले. दुसरा नियम असा की ढणढण वाजवून दचकवलं आणि हात थांबले, तर तो गुण धरायचा नाही. "दचकायला तं कुकरची शिट्टीही पुरते." आणि तिसरा, ज्याच्यावरून आमचं पहिलं भांडण झालं, तो असा की तपासायचा तो आजचा भाग. कालचा नाही, उद्याचा नाही, मालिका तर नाहीच नाही.

भांडण झालं ते एका फार टुकार मालिकेवरून. तिच्यातल्या नायिकेची स्मृती तिसऱ्यांदा गेली होती. आम्ही सगळे हसत होतो. त्या दिवशीच्या भागात ती नायिका स्वतःच्याच घरात जेवायला येते. टेबलाशी सगळे बसलेले. ती जरा वेळ उभी राहते आणि तिथली एक खुर्ची दाखवून नवऱ्याला विचारते, मी इथे बसले तर चालेल का? रोज बसायची ती तीच खुर्ची. तेवढंच. मी हसतच होते. शेजारी शेंगांचा कटकट आवाज बंद झाला म्हणून वळून पाहिलं, तर काकूंच्या बोटांत अर्धी उघडलेली शेंग तशीच होती.

"पास," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काकू, ही मालिका पास? तिसऱ्यांदा स्मृती गेलीय हिची. त्या म्हणाल्या की मालिकेचं मला विचारूच नको, मालिका वाया गेलेली आहे. पण वाया गेलेल्या पोरानं एखाद्या दिवशी उत्तर बरोबर लिहिलं, तर त्याला गुण द्यायचे की नाही? मी विचार करून म्हटलं, द्यायचे. "मग," असं म्हणून त्यांनी ती अर्धी शेंग पूर्ण केली.

हे सगळं त्यांच्यात शाळेतून आलं होतं. बोर्डाचे पेपर त्यांनी वर्षानुवर्षं तपासले. पहिलं उत्तर छान आलं म्हणून दुसऱ्याला हात सैल सोडायचा नाही, आणि पहिलं भिकार आलं म्हणून दुसऱ्यावर राग काढायचा नाही. समोर जे उत्तर आहे तेवढंच वाचायचं. आणि एक गोष्ट काका नेहमी सांगत. त्यांची मुलगी रेणू दहावीला बसली, त्या वर्षी काकूंनी पेपरांचे गठ्ठे परत पाठवले. लोकांनी समजावलं की मैडमजी, पेपर दुसऱ्या जिल्ह्याचे येतात, तुमच्या मुलीचा तुमच्याकडे यायचाच नाही. काकू म्हणाल्या, पेपर तिचा नसेल, पण प्रश्न तं तेच आहेत. तिनं घरी येऊन जे उत्तर सांगितलं ते मला बरोबर वाटायला लागेल आणि दुसऱ्यांची पोरं त्यात भरडली जातील. घरचं मूल परीक्षेला बसलं, की त्या साली आपण खुर्चीवरून उठायचं.

काका हे कौतुकाने सांगायचे. एरवी ते कमीच बोलत. बँकेतून निवृत्त झाल्यावर घरातलं एकच खातं त्यांच्या ताब्यात होतं, रिमोटचं. भाग संपला रे संपला की त्यांचा अंगठा पडे आणि टीव्ही बंद. नावं सरकायला लागायच्या आत, आणि उद्याच्या भागाची झलक दाखवायच्या तर कितीतरी आधी. हाही काकूंचाच नियम. उद्याचा पेपर आज फोडायचा नाही.

आमच्यात चौथ्या होत्या शेजारच्या शर्मा भाभी. माहेर चौमूचं, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांच्या घरी टीव्हीवर सासऱ्यांच्या बातम्या चालत, म्हणून साडेसातला भाभी इकडे. भाभी प्रत्येक भागाला रडत. चांगल्यालाही, वाईटालाही, जाहिरातीलाही. आणि रडत रडत काकूंच्या ताटातले सोललेले मटार तोंडात टाकत. त्यांच्या हातात ताट द्यायची सोय नव्हती, कारण सोलायच्या त्यातले निम्मे तोंडात जायचे. डोळ्यांना धार आणि हात आपला ताटातून तोंडाकडे, तोंडातून ताटाकडे. काकू म्हणायच्या, भाभींच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, ते उगाचच पास करतात.

भाभींच्या आवडत्या मालिकेत लग्न होतं तेव्हा त्या मिठाईचं ताट घेऊन आल्या. गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी बरोबर. आठवडाभर वाट पाहिलेला भाग. काकूंनी शेंग सोलत सोलत तो पुरा पाहिला आणि काकांनी टीव्ही बंद केल्यावर शांतपणे सांगितलं, नापास.

"शादी हो गई मैडमजी, और क्या चाहिए?" भाभी उसळल्या.

काकू म्हणाल्या, शादी कहाँ हुई, गहने हुए.

भाभींनी मिठाईचं ताट उचललं आणि तरातरा निघून गेल्या. दारातून म्हणाल्या, "आप तो भगवान की शादी में भी नंबर काट लो." दुसऱ्या दिवशी साडेसातला त्या पुन्हा हजर. मिठाईही पुन्हा हजर, थोडी कमी झालेली.

मला काकूंचा हा खाक्या आधी गमतीचा वाटला, मग कडक वाटला, आणि मग एक दिवस माझ्यावरच आला. ऑफिसात बाहेरच्या कंपनीच्या लोकांसमोर मला आमच्या कामाची माहिती द्यायची होती. पहिल्यांदाच. इंग्रजीतून. अर्ध्यात मी अडखळले, आणि साहेबांनी "आय विल टेक इट फ्रॉम हिअर" म्हणून पुढचं स्वतः सांगून टाकलं. घरी आले ती रडतच. इतकं शिकून काय उपयोग, मला हे जमायचं नाही, गावी जाते, असं काहीबाही बोलत होते. काकूंनी ताट पुढ्यात ओढलं आणि म्हणाल्या, सुरुवातीपासून सांग.

मी सांगत होते, त्या सोलत होत्या. सांगून झाल्यावर मी वाट पाहिली की आता पाठीवर हात फिरवतील. हात शेंगांवरच फिरत होते.

"सुरुवात बरी होती," त्या म्हणाल्या. "मधे लय ओढलं. साहेब वाईट आहे हे तीनदा सांगितलं, एकदा पुरे होतं. आणि शेवट तं सांगितलाच नाही."

मी म्हटलं, शेवट काय असणार? मी अडकले, ते बोलले, संपलं.

"मग तू नापास कुठे झाली? तुझा पेपर अर्ध्यातून काढून घेतला. उद्या जा आणि उरलेला लिहून दे."

मला राग आला होता. पण रागाच्या भरातच मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि सांगितलं, पुढच्या वेळी तेच लोक येतील तेव्हा राहिलेला अर्धा भाग मी सांगणार. साहेब जरा चमकले आणि हो म्हणाले. तो अर्धा मी सांगितला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, पण माझ्या तोंडाने. संध्याकाळी काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या. हात थांबले की नाही ते मी बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघायची हिंमत झाली नाही.

आता रेणूचं सांगते, कारण त्याशिवाय काकू पुऱ्या होत नाहीत.

रेणू त्यांची एकुलती एक. जयपूरलाच वाढलेली. मराठी बोलायची, पण प्रत्येक वाक्यात एकदा 'मतलब' घालून, उतारावर सायकलला ब्रेक मारावा तशी. बी.एड. करून तिला शाळेत नोकरी लागली होती. ती सोडून ती मुंबईला गेली, मालिका लिहायला. काकूंना ते पटलं नव्हतं. मालिका रोज तपासणाऱ्या बाईला आपली मुलगी मालिका लिहिणार हे का पटू नये, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, पेपर तपासणाऱ्या बाईलाच ठाऊक असते बापा, किती जण नापास होतात ते. शेवटी मायलेकींत एक मुदत ठरली होती. पुढच्या होळीपर्यंत रेणूच्या एकटीच्या नावाने एखादा भाग लागला तर ती तिकडे राहील. नाहीतर परत येईल आणि शाळेत रुजू होईल. रेणूने कबूल केलं होतं, आणि राऊतांच्या घरात कबूल म्हणजे कबूल.

तोवर ती चार-पाच जणांच्या टोळीत बसून लिहायची. एका भागातला एखादा प्रसंग तिचा, एखादा दुसऱ्याचा. नाव एकाचंही यायचं नाही. ती मालिका आम्ही रोज बघत होतो. काकूंनी तिला बजावलं होतं की तुझा प्रसंग कुठला ते आधी सांगायचं नाही.

एक दिवस त्या मालिकेत मुलगी आईसमोर उभी राहिली आणि बोलू लागली. तुम्ही मला कधी शाबासकी दिली नाही, मी कितीही केलं तरी तुम्हाला कमीच दिसलं, वगैरे. ती बोलत राहिली, संगीत वाजत राहिलं, भाभी रडत राहिल्या आणि काकू सोलत राहिल्या. "नापास," त्या म्हणाल्या. "ही पोरगी बोलून नाही राहिली, भाषण देऊन राहिली."

थोड्या वेळाने रेणूचा फोन आला. काकूंचे हात शेंगांच्या रसाने हिरवे झालेले, म्हणून काकांनी फोन दिवाणावर ठेवून आवाज मोठा केला. मी उठायला लागले तर काकूंनी नजरेनेच बसवलं. रेणूने विचारलं, आजचा कसा होता. काकूंनी जे आम्हाला सांगितलं तेच तिला सांगितलं.

"आई, मतलब... तो मी लिहिला होता. तुझ्याशी जे कधी बोलता नाही आलं ना, ते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. काकू म्हणाल्या, "तेच म्हणून राहिली मी. आईसमोर शब्द फुटत नाही. तं फुटत नाही तसंच लिही."

फोन ठेवल्यावर काकू पुन्हा सोलायला लागल्या. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की दाणे टरफलांच्या ढिगात पडताहेत आणि टरफलं पातेल्यात. काकांच्याही ते लक्षात आलं होतं. काकू उठून आत गेल्यावर त्यांनी चष्मा पुसला, ताट स्वतःकडे ओढलं आणि एकेक दाणा वेचून पातेल्यात टाकत बसले.

त्यानंतर रेणूचे फोन कमी झाले. दिवाळीला ती आली. घरात फराळ होता, दिवे होते, भाभी होत्या, आणि मायलेकी एकमेकींशी इतक्या नीट वागत होत्या की बघवत नव्हतं. पहिल्या सकाळी मी चहाला खाली आले. रेणू ओट्याला टेकून उभी होती. काकूंच्या हातात साखरेचा डबा. त्या रेणूकडे पाठ करूनच म्हणाल्या, "साखर किती घेते आता?"

रेणू म्हणाली, "एक."

"मला तं दोन ठाऊक आहे," काकू म्हणाल्या आणि एक चमचा टाकून डबा बंद केला. एवढंच. मी माझा कप घेऊन बाहेर येऊन बसले.

होळी जवळ आली तेव्हा रेणूचा फोन आला. एक आख्खा भाग तिला एकटीला दिला होता. नावासकट. पण चॅनेलवाले तो लागल्यावर ठरवणार होते की तिला ठेवायचं की पुरे म्हणायचं. म्हणजे मुदतही तीच आणि परीक्षाही तीच. काकूंनी विचारलं, कधी लागणार, आणि मग दुसरं काहीतरी बोलत राहिल्या. त्या आठवड्यात त्यांनी रेणूच्या नोकरीसाठी शाळेत चौकशीला फोन केला नाही. करतील असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले. मोसमातले शेवटचे मटार होते, जून झालेले, टरफलं पिवळी पडलेली. साडेसातला भाभी आल्या तेव्हा काकूंनी ताट उचललं आणि भाभींच्या मांडीवर ठेवलं.

भाभी घाबरल्याच. "मैं? मैं तो आधे खा जाऊँगी, मैडमजी."

"खाइए," काकू म्हणाल्या. "जितना मन करे."

काकूंनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की भाग रेणूचा आहे हे भाभींना कळता कामा नये. मला तेव्हा ताटाचा उलगडा झाला. दहावीच्या गठ्ठ्यांसारखंच होतं ते. घरचं मूल परीक्षेला बसलं होतं आणि काकू खुर्चीवरून उठल्या होत्या. दिवाण सोडून त्या वेताच्या बुटक्या मुड्ड्यावर जाऊन बसल्या. टीव्हीकडे चक्क पाठ आणि भाभींकडे तोंड. हात रिकामे. त्या बाईंचे रिकामे हात मी पहिल्यांदाच पाहत होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

भाग सुरू झाला. नायिका सासरी भांडून, बॅग घेऊन माहेरी येते. दार आईच उघडते. याच आईला न विचारता ती लग्न करून गेलेली, तेव्हा आता मोठा तमाशा होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भाभी सोलत होत्या, खात होत्या आणि सवयीने डोळे पुसत होत्या. ताटातून तोंडाकडे, तोंडातून ताटाकडे. जाहिराती आल्या, गेल्या. भाभींचा हात चालूच. काकूंची नजर त्या हातावर. चेहरा असा की जणू पेपर हातात आहे, वेळ संपत आलीय आणि अजून एकही बरोबर उत्तर सापडलेलं नाही.

मग टीव्हीतली आई स्वयंपाकघरात गेली. मागोमाग मुलगी जाऊन दारात उभी राहिली. आईने डबा काढला. ना संगीत, ना वारा, ना विजा.

"चीनी कितनी लेती हो अब?"

"एक।"

"मुझे तो दो याद है।"

आणि त्या आईने गॅस लावला.

मी चटकन काकूंकडे पाहिलं. काकूंची मान जराही वळली नाही. त्यांनी ऐकलं तर होतंच, पण डोळे भाभींच्या हातावरच होते. तो हात तोंडाच्या अगदी जवळ जाऊन हवेत राहिला होता. दोन बोटांत मटारचा एक दाणा. भाभी रडतही नव्हत्या. चहा उकळला, कपात गाळला, मुलीच्या हातात गेला, तरी तो दाणा तिथेच.

काका काकूंकडे बघत होते, काकू हाताकडे, मी त्या तिघांकडे. भाग नीट पाहिला तो एकट्या भाभींनी.

भाग संपला. काकांचा अंगठा सवयीने वर गेला. काकू म्हणाल्या, "थांबा."

बारीक अक्षरांत नावं भराभर सरकत गेली. भाभी एकदम ओरडल्या, "अरे, ये तो अपनी रेणु!" आणि मग मात्र मनसोक्त रडल्या. पाठोपाठ उद्याच्या भागाची झलक लागली. काकू मुड्ड्यावर वळून बसल्या आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती पाहिली, संपेपर्यंत.

भाभींनी जाताना ताटाकडे पाहून जीभ चावली. "मटर तो रह गए, मैडमजी."

"रहने दीजिए," काकू म्हणाल्या. भाजीला दाणे पुरणार नव्हते. काकांनी सांगून टाकलं की आज पिठलं करू.

रेणूचा फोन आला तेव्हा काकूंनी तो स्वतः उचलला. आवाज मोठा होता, बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

"आई, पाहिला?"

"नाही."

"मतलब?"

"भाभींचे हात पाहून राहिली होती मी."

रेणू राऊतांचीच मुलगी होती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिने फक्त विचारलं, "मग?"

"थांबले."

"मतलब... पास?"

"पास," काकू म्हणाल्या. "चॅनेलवाल्यांचं काय ते त्यांचं त्यांना ठरवू दे." मग जरा घुटमळल्या. "आणि रेणू, ते चहाचं..." त्यांनी शेंगांचं ताट जवळ ओढलं. "काही नाही. जेवली का?"

रेणू पुढे तिथे टिकली. आता पुण्यात मीही कधीमधी तिचं नाव पाहते, नावं सरकेपर्यंत टीव्ही बंद न करता. पण मला काकू आठवतात त्या त्याच संध्याकाळच्या. होळीनंतर माझी बदली झाली आणि जयपूर सुटलं.

त्या संध्याकाळी मी वर निघून आले आणि पाण्याची बाटली खालीच राहिली म्हणून पुन्हा उतरले. आत काका पिठलं ढवळत होते. दाराच्या जाळीतून दिवाण दिसत होता. काकू पुन्हा आपल्या जागेवर बसल्या होत्या, मांडीवर भाभींनी अर्धवट टाकलेलं ताट. समोर उशीला टेकून मोबाइल उभा केला होता आणि त्यावर तोच भाग पहिल्यापासून लावला होता. मुलगी बॅग घेऊन दारात उभी होती, आईने नुकतंच दार उघडलं होतं. काकूंच्या बोटांत एक शेंग होती, अर्धी उघडलेली, आणि हात थांबलेले होते.

चहा यायला तर अजून कितीतरी वेळ होता.